पाण्याला रात्र लागते

शोभा मोहोळकर बारमध्ये काम करते आणि स्वतः दारू पीत नाही. कॅनडातल्या विंडसरमधल्या आमच्या मराठी लोकांना यातलं पहिलं लक्षात राहतं, दुसरं राहत नाही. मंडळाच्या संक्रांतीला ती तिळगुळाचा डबा घेऊन उभी असली, तरी कोणीतरी म्हणतंच, "शोभाताई, लाँग वीकेंडला तुमच्याकडे गर्दी असेल ना?" ती म्हणते, "असते की. तुमचे मिस्टर येतात ना." मग प्रश्न थांबतात.

तिचा नवरा चंद्रकांत माझ्याबरोबर प्रेस शॉपमध्ये होता. मोटारींच्या दरवाज्यांचे पत्रे दाबायचं काम. मी डाय, म्हणजे साचे, बसवायचो, तो प्रेस चालवायचा. मी चौदा साली रिटायर झालो. तो माझ्याहून लहान, अजून जातो.

चंद्रकांत प्यायचा. किती, ते लिहीत नाही. एका जानेवारीत शिफ्ट संपल्यावर तो शॉपच्या पार्किंग लॉटमध्ये गाडीत झोपलेला सापडला. इंजिन बंद, काचेवर आतून बर्फ. मग हॉस्पिटल, मग चर्चच्या बेसमेंटमधली, दारू सोडणाऱ्यांची गुरुवारची मीटिंग. तेव्हापासून थेंब नाही. न पिता काढलेल्या दर वर्षाला मीटिंगवाले एक बिल्ला देतात. तो बिल्ला त्याच्या किल्ल्यांच्या जुडग्यात असतो.

तो हॉस्पिटलमध्ये असताना शोभा नदीकडच्या एका बँक्वेट हॉलमध्ये भांडी धुवायला लागली. पुढे बारवर जागा झाली, तिने बारकामाची परीक्षा दिली, पास झाली. घरात दारू बंद आणि हिच्या हातात बाटली, हे लोकांना विचित्र वाटतं. तिला वाटलं नाही. पण तिने नियम केले आणि पाळले. कामावरून आली की बाजूच्या दाराने थेट बेसमेंटमध्ये. कपडे वॉशरमध्ये, आंघोळ, मग वर. नवऱ्याच्या नाकाला वास जाता कामा नये. ख्रिसमसला कोणी रम घातलेला केक दिला, तर तो आमच्याकडे येतो.

आणि दुसरं, काडेचिराईत. चंद्रकांतची दारू सुटली तेव्हा त्याच्या आईने इचलकरंजीहून फोनवर सांगितलं, सकाळी उठल्या उठल्या तोंड कडू केलं की दुसरं काही आठवत नाही. डॉक्टर हसले. शोभा हसली नाही. गावाहून येणाऱ्याच्या बॅगेत वाळलेल्या काड्यांची जुडी येऊ लागली. रोज रात्री ती स्टीलच्या फुलपात्रात काड्या भिजत घालायची, वर बशी, गॅसशेजारी ओट्यावर. पहाटे चंद्रकांत उठायचा, बशी काढायचा, काड्या बाजूला करायचा, एका हाताने नाक दाबायचा आणि सगळं पाणी एका दमात घशाखाली. वर गुळाचा खडा. मग शिफ्टला. यात कधी खंड नाही.

सतरा सालच्या फेब्रुवारीत हॉलचा मालक एन्झो याच्या डोक्यात एक आलं. त्या वर्षी कॅनडाला दीडशे वर्षं होणार होती आणि जो तो झेंड्यावरचं लाल पान लावत सुटला होता. एन्झोने बारवरच्या तिघांना सांगितलं, उन्हाळ्यातल्या लग्नांसाठी मला कॅनडाच्या व्हिस्कीचं एक नवं कॉकटेल पाहिजे. एखादी जुनी रेसिपी घ्या, पण तिच्यात तुमच्या घरचं काहीतरी असू दे. ज्याचं पसंत पडेल, त्याच्याकडे या सीझनचा बार. बाकी दोघं पोरगेलेसे होते. त्यांनी लगेच मेपल सिरप काढलं. शोभा माझ्याकडे आली.

"नाना, तुम्ही आठवड्याला किती घेता?"

"शनिवारी एक."

"आता मंगळवारी पण घ्यायची. माझ्यासाठी."

आतून लता, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "अगं, त्यांना कसलं विचारतेस? ते ग्लास पुसून बसलेत बघ."

शोभाने ओल्ड फॅशन्ड नावाचं कॉकटेल निवडलं. जुनं आणि साधं. थोडी साखर, तिच्यावर कडू अर्काचे दोन-चार थेंब, व्हिस्की, बर्फ, वरून संत्र्याची साल पिळायची. तिचा हिशेब सरळ होता. साखरेच्या जागी गूळ आणि त्या बाटलीतल्या अर्काच्या जागी आपलं काहीतरी कडू. पाडव्याला आपण तोंडात घालतोच की, कडुनिंब आणि गूळ.

कडुनिंबाचा पाला इंडियन ग्रोसरीत फ्रोजन मिळाला. त्याला फ्रीजरचाच वास होता. कारल्याने व्हिस्की भाजीच्या पाण्यासारखी लागली. मेथी घातली तेव्हा लता म्हणाली, लोणच्याची बरणी विसळलीय का यात? मग शोभाने काडेचिराईत आणलं. एवढं पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं. मला वाटतं सुचलं होतं. नवऱ्याच्या जुडीतल्या काड्या व्हिस्कीत घालायला तिचा हात होत नव्हता.

कामाला मात्र ती पक्की. गूळ नुसता घातला तर ग्लासच्या तळाशी माती बसते. तिने तो पाण्यात विरघळवला, फडक्यातून गाळला, निवू दिला, पुन्हा गाळला. राय, म्हणजे इथली व्हिस्की, तिने चार ठिकाणची बघितली, त्यातली मिरीसारखी जरा झणझणीत होती ती ठेवली. संत्र्याची साल सुरीने काढताना आतला पांढरा भाग येऊ द्यायची नाही. मी शेजारी उभा राहून बघायचो. काढण्यासारखी चूक सापडायची नाही.

काड्या रायमध्ये रात्रभर आमच्या खिडकीत राहायच्या. दुसऱ्या दिवशी दुपारी ती यायची, गाळायची, ग्लास भरायची, माझ्यापुढे ठेवायची.

"कसं आहे?"

"कडू."

"कसं कडू?"

"कडू म्हणजे कडू."

"नाना, डाय बसवल्यावर तुम्ही फोरमनला काय सांगायचात? लोखंड म्हणजे लोखंड?"

"बसली, एवढंच सांगायचो. बसली असली तर."

"मग ही बसली का?"

"नाही."

काड्या कमी केल्या, तरी जिभेवर तेवढंच. गूळ वाढवला तर खोकल्याचं औषध. ती स्वतः जिभेचं टोक लावायची आणि सिंकमध्ये थुंकायची, मग चूळ भरायची. तिला सगळीच व्हिस्की वाईट लागायची, त्यामुळे त्यात चांगलं काय ते तिला कळायला मार्ग नव्हता. एकदा ती म्हणाली, "हे पीत असते तर एका घोटात सांगितलं असतं." धुतलेलाच ग्लास परत धुतला.

मार्चमध्ये आम्ही आठवडाभर ओटावाला मुलीकडे निघालो. एन्झोला चव दाखवायचा शनिवार जवळ आला होता. लता तिला म्हणाली, "किल्ली ठेवून जाते. ये, कर, जा." शोभा नको म्हणाली. घरचे लोक गावाला गेलेत आणि ही बाई त्यांच्या घरात बसून दारू बनवतेय, हे तिला बरं दिसत नव्हतं. लताने आग्रह केला नाही.

पुढचं मला दोघांनी वेगवेगळं सांगितलं. जुळवून लिहितो.

तिने रायची छोटी बाटली आपल्या घरी नेली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. बेसमेंटमध्ये वॉशरशेजारी डिटर्जंटचा मोठा डबा असतो, त्यात पावडरीखाली पुरली. शुक्रवारी संध्याकाळी हॉलवर मोठं लग्न होतं. निघण्यापूर्वी तिने काड्या रायमध्ये भिजत घातल्या. काचेच्या बरण्या आमच्याकडे राहिल्या होत्या, म्हणून फुलपात्र घेतलं. वर बशी ठेवली. आणि हात सवयीने जिथे गेला, तिथे ठेवलं. गॅसशेजारी, ओट्यावर. चंद्रकांत लवकर झोपतो. परत आल्यावर हे उचलून खाली न्यायचं आणि त्याचं पाणी भिजवायचं, असा तिचा बेत होता. लग्न लांबलं. ती आली, बेसमेंटमध्ये कपडे टाकले, आंघोळ केली, वर आली आणि थेट झोपली.

आम्ही त्याच संध्याकाळी ओटावाहून परत आलो होतो. पहाटे चंद्रकांतचा फोन आला.

"नाना, गाडी घेऊन या. माझ्या किल्ल्या तुमच्याकडे ठेवायच्यात."

मी काय, कशाला विचारलं नाही. पँट चढवली आणि गेलो. रात्री पुन्हा बर्फ पडला होता.

गराजचं दार अर्धं वर होतं. चंद्रकांत बर्फावर टाकायच्या मिठाची बादली पालथी घालून तिच्यावर बसला होता, अंगात शॉपचं जॅकेट. समोर जमिनीवर किल्ल्यांचा जुडगा आणि शेजारी रायची बाटली.

"फुलपात्रात होती," तो म्हणाला. "नाक दाबलेलं. घशाखाली गेल्यावर कळलं."

"आणि ही?"

"फुलपात्रात आहे म्हणजे घरात बाटली असणार. शोधली. माझ्यासारख्याला शोधायला वेळ लागत नाही."

"हिच्यातली घेतलीस?"

"नाही."

मी बाटली दिव्याकडे धरून बघितली.

"बघा, बघा. मी पण तेच केलं असतं."

एका फुलपात्राएवढी कमी होती. बाकी होती तशी.

"शोभाला उठवू?"

"नको. काल लग्न होतं. पाय सुजलेत तिचे." त्याने दोन फावडी काढली, एक माझ्या हातात दिलं. "हात रिकामे ठेवले तर जमणार नाही मला."

आम्ही बर्फ शोव्हल करत सुटलो. त्याचा ड्राइव्हवे, मग शेजाऱ्याचा, मग त्याच्या पुढच्या म्हाताऱ्या बाईचा. चंद्रकांतचं काम स्वच्छ. कडेला सरळ रेघ, खाली काँक्रीट दिसेपर्यंत. त्या दिवशीही रेघ वाकडी गेली नाही. माझा गुडघा बोलायला लागला तरी मी थांबलो नाही. थांबलो असतो तर तोही थांबला असता.

म्हाताऱ्या बाईच्या दाराशी तो म्हणाला, "नाना, वाईट काय झालं सांगू? चांगली होती."

मी फावडं चालू ठेवलं.

"म्हणजे चांगली होईल. तिने काड्या रात्रभर ठेवल्या. पाण्याला रात्र लागते. दारूला लागत नाही. तासाभरात काढल्या असत्या तर कडू पुढे आलं असतं आणि मागून राय लागली असती. एवढं सगळं एका घोटात कळलं मला. कशाला कळावं? इतकी वर्षं मी त्या जिभेला रोज कडू पाजतोय. ती काही विसरलेली नाही."

"शोभाला सांगू?"

"नका सांगू. तिला वाटेल, मला परत पाहिजे."

"पाहिजे का?"

त्याने बर्फाचा ढीग फावड्याने थापला. "आज गुरुवार नाही. गावाच्या त्या टोकाला शनिवारची मीटिंग असते. तिथे सोडा. आणि मी बाहेर येईपर्यंत थांबा."

जाता जाता मी घरी थांबून बाटली ओट्यावर ठेवली. लताला एवढंच म्हटलं, ही असू दे, कोणाला काही सांगू नकोस. फोन मी घरीच विसरलो. त्याने आपला बंद केला होता.

शोभा उन्हं वर आल्यावर उठली. ओट्यावर काही नव्हतं. फुलपात्र धुऊन पालथं घातलेलं होतं, बशी शेजारी. ती बेसमेंटमध्ये धावली. डिटर्जंटच्या डब्याचं झाकण उघडं, पावडर जमिनीवर, बाटली नाही. वर आली. नवरा नाही, गाडी गराजमध्ये. शॉपला फोन केला. ते म्हणाले, सिक कॉल केलाय. त्याचा फोन लागेना.

ती गाऊनवर कोट चढवून गाडी घेऊन निघाली. आधी नदीकाठच्या बाकांपाशी, जिथे तो पूर्वी पलीकडच्या डेट्रॉइटकडे तोंड करून बसायचा. मग त्याच्या जुन्या बारच्या दारात. बार बंद होता, तरी काचेला डोळे लावून आत बघितलं. मग शॉपच्या पार्किंग लॉटमध्ये. तिथे तिने गाड्यांच्या काचांवरचा बर्फ बाहीने पुसून एकेका गाडीत बघितलं. सिक्युरिटीवाल्याने हटकलं तेव्हा म्हणाली, "माय हजबंड." तो म्हणाला, "व्हिच कार, मॅम?" ती म्हणाली, "एनी."

हे तिने मला सांगितलं तेव्हा ती आमच्या ओट्याला टेकून उभी होती आणि माझ्याकडे बघत नव्हती.

शेवटी ती आमच्याकडे आली. लताने दार उघडलं. काही सांगायचं नाही असं बजावलेलं, त्यामुळे लता नुसतीच उभी. पण दारातून ओटा दिसतो. शोभा बुटांसकट आत आली. आमच्या घरात तिने असं कधी केलं नव्हतं. बाटली उचलली, व्हिस्की कुठवर आहे तिथे बोट लावलं.

"एवढीच गेलीय," ती म्हणाली आणि होती तिथेच फरशीवर बसली. बुटांचा बर्फ वितळून पाणी पसरलं.

"राहू दे गं," लता म्हणाली. "पुसता येतं." लता अजून म्हणते, तेव्हा ती रडली असती तर बरं झालं असतं.

आम्ही आलो तेव्हा ती तशीच बसलेली. चंद्रकांतने आधी बूट काढले, ते मॅटवर नीट लावले, मग तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"एक फुलपात्र," तो म्हणाला. "पुढे काही नाही. मीटिंगमध्ये सांगून आलोय. ते म्हणाले, अपघात आहे. बिल्ला तुझाच, वर्षं मोडली नाहीत, असं म्हणाले."

"अपघात नाही. मी ठेवलं होतं."

"तू विसरलीस. दमली होतीस."

"विसरले ते नंतर. मी आणली ना घरात? सांगा ना, मी आणली की नाही?"

चंद्रकांतला खोटं बोलता येत नाही. पीत होता तेव्हा यायचं, ते त्याने दारूबरोबर सोडलं.

"आणलीस," तो म्हणाला.

लताने पोहे टाकले. कोणी नीट खाल्ले नाहीत. शोभाने फोन काढला.

"एन्झोला सांगते, नाही जमत म्हणून."

चंद्रकांतने माझ्याकडे बघितलं. मग मला जे सांगू नका म्हणाला होता, ते स्वतःच सांगितलं. पाण्याला रात्र लागते, दारूला नाही. तासाभरात काढ. गूळ पण कमी कर, मग तो लागणार नाही एवढा.

शोभा त्याच्याकडे बघत राहिली. तिला हवं होतं ते तिला मिळालं होतं. ज्याला विचारता येत नव्हतं, त्याच्याकडूनच.

"मला नको," ती म्हणाली.

"इतकी मेहनत केलीस. अर्धवट टाकू नकोस," चंद्रकांत म्हणाला. "माझ्या पोटात गेलंय ते गेलंय. ते वाया तरी जाऊ नये."

एन्झोची वेळ संध्याकाळची होती. तिने आमच्याच ओट्यावर काड्या ताज्या रायमध्ये घातल्या आणि मायक्रोवेव्हचा टायमर लावला. चंद्रकांतला लताने वरच्या खोलीत झोपायला पाठवलं होतं. टायमर वाजला, तिने काड्या काढल्या, गाळलं, बर्फ टाकला, साल पिळली, ग्लास माझ्यापुढे ठेवला. यावेळी कसं आहे, ते विचारलं नाही.

मी घोट घेतला. कडू आधी आलं, मग हळूच गूळ, मग राय आणि राय गेल्यावर पुन्हा थोडं कडू. माझ्यासारख्याला कळलं म्हणजे कोणालाही कळलं असतं.

"बसली," मी म्हटलं.

तिने मान हलवली आणि बाटल्या पिशवीत भरल्या.

एन्झोने एक घोट घेतला, मग आणखी एक, असं ती सांगते. मग म्हणाला, हे कडू अगदी नेमकं थांबतं. इथे थांबायचं तुला कोणी शिकवलं?

"माय हजबंड."

"त्याला घेऊन ये एकदा. ऑन द हाउस."

"ही डझन्ट कम हिअर," शोभा म्हणाली.

त्या उन्हाळ्यात ते पेय हॉलच्या कार्डावर आलं, नावासकट. शोभाज बिटर. बार तिच्याकडे आला, पोरं तिच्या हाताखाली. पुढच्या वर्षीही कार्डावर तेच. आमच्या मंडळातले ज्यांनी टोमणे मारले, त्यांच्याच मुलांच्या रिसेप्शनला लोकांनी दुसरा, तिसरा ग्लास मागितला. एका लग्नात मीही घेतला. ती साल पिळताना ग्लासकडे बघते, देताना ट्रेकडे बघते. पिणाऱ्याच्या तोंडाकडे बघत नाही. कोणी म्हणालं, शोभाताई, काय कमाल जमलंय, तर तिच्या मानेपर्यंत लाली चढते. लोकांना वाटतं, लाजली.

"तुला अजून टोचतं का?" मी एकदा विचारलं.

"नाना, त्यातलं जे चांगलं आहे ना, ते त्या घोटातलं आहे. बाकी सगळं मी केलेलं, ते तुम्ही चाखलंयत. थुंकण्यासारखं होतं."

मी म्हटलं, असं नाही, गूळ दोनदा तूच गाळलास. तिने ऐकल्यासारखं केलं.

चंद्रकांत ठीक आहे. मीटिंगचा नवा बिल्ला मिळाला, जुडग्यात आहे. तिला तो कधी एका शब्दाने बोलला नाही. काडेचिराईत चालू आहे. पण आता तो नाक दाबत नाही. बशी उचलतो, फुलपात्र नाकाशी नेतो, वास घेतो, मग पितो. रागाने नाही. मीटिंगमध्ये कोणीतरी सांगितलं, ते तो करतो. कोणतंही काम सांगितलं की तो ते तसंच करतो.

शोभा उशिरापर्यंत काम करून येते. तिने सकाळी झोपायला हवं. ती झोपत नाही. तो उठायच्या आधी उठून ओट्यापाशी उभी असते. लताने तिला सांगून बघितलं, मीही सांगितलं, अशाने तूच आजारी पडशील. ती म्हणते, "एवढंच तर आहे माझ्या हातात."

ती बशी काढते आणि आधी स्वतः एक मोठा घोट घेते. उष्टं म्हणून तिची सासू काय म्हणेल, ते म्हणो. तिला कडू कधी सोसलं नाही. डोळ्यांत पाणी येतं, तोंड वाकडं होतं, पण गिळते. मग फुलपात्र त्याच्या हातात देते.

तो तरीही वास घेतो.